सारस साथीचं कार्ड

लक्ष्मीचंद रहांगडाल्यांनी विमान पाहिलं होतं ते खालूनच. गोंदियाकडं नागऱ्याजवळच्या आपल्या धानाच्या बांधीत, चिखलात पाय रोवून, कपाळावर हात धरून. साठीच्या तोंडावर मात्र दर महिन्याला विमानात बसायची पाळी त्यांच्यावर आली, आणि ती काही हौसेनं आली नव्हती.

त्यांची नात रुचि दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. सून दुर्गेश्वरीनं एकदा तिच्या पाठीमागं पितळी परात ओट्यावर जोरात आपटली. शेजारपाजारची माणसं धावत आली, आणि रुचि आपली बाहुलीला भात भरवत बसली होती. त्यानंतर धावाधाव सुरू झाली. मुंबईला ऑपरेशन झालं, कानामागं मशीन बसलं. घरच्यांना वाटलं, आता झालं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीननं आवाज येईल, ऐकायला मात्र शिकवावं लागेल. शिवाय मशीनची जुळवणी करायला वर्ष-दोन वर्षं दर महिन्याला यावं लागेल.

सुरुवातीला रेल्वेनं जाऊन पाहिलं. जाण्यायेण्यात दिवस मोडायचे, पोरगी तापानं फणफणून परत यायची, आणि मुलगा ओमेश्वर सोबत गेला की गोंदियातल्या त्याच्या कृषी केंद्राचं शटर खाली. शेवटी ठरलं की नागपूरहून विमानानं सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं, आणि सुनेसोबत सासऱ्यानं जायचं.

पहिल्याच खेपेला नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या दारात गोंधळ झाला. तिथला शिपाई म्हणे, कानामागचं काढा आणि ट्रेमध्ये ठेवा. दुर्गेश्वरी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करत होती, तो ती वाचायलाच तयार नव्हता, आणि रुचि तर किंचाळत होती. लक्ष्मीचंदांचा पारा चढला.

"काऊन असं करून राहिले हे लोक?" ते मोठ्यानं म्हणाले.

मागून एक मुलगी पुढं आली. सारस या विमान कंपनीची नारिंगी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं चिठ्ठी वाचली, आतून साहेबाला बोलावून आणलं, त्याला समजावलं, आणि रुचिला स्वतः उचलून बाजूच्या दारानं पलीकडं नेलं. मग लक्ष्मीचंदांकडं वळून हसली.

"काकाजी, गोंदियाचे का? तुमच्या 'काऊन'च्या हेलावरून ओळखलं मी. मी सालेकशाकडची, दरेकशाजवळचं गाव आहे. रीना सलामे."

परक्या ठिकाणी आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं की जे होतं ते लक्ष्मीचंदांचं झालं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, राजकुमारीला, मुंबईचं काही सांगितलं नाही. रीनाचंच सांगत बसले. पुढं दर महिन्याला तेच. रीना सारसच्या खिडकीवर बसायची, पुढची सीट राखून ठेवायची. रुचिच्या समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलायची. एकदा रुचिनं तिच्याकडं बोट करून "ईना" म्हटलं, तेव्हा खिडकीवरची रांग थांबवून ती पोरीच्या गालाचा मुका घेऊन गेली.

परवडतील अशा दोनच कंपन्या होत्या. एक सारस, दुसरी नभयान. वर्षभर जायचंच आहे तर एका कंपनीचं कार्ड घेऊन टाकावं, असं ओमेश्वरच्याच डोक्यात आलं. २०१२ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी फुलचूरच्या घरी जेवणं झाल्यावर त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवरून काढून आणलेले कागद पलंगावर पसरले. 'सारस साथी' नावाचं कार्ड होतं. वर्षाच्या फेऱ्यांचे पैसे आधीच भरायचे, मग काही फेऱ्या फुकट आणि वर पॉइंट. नभयानचे पॉइंट अगदीच किरकोळ, पण आगाऊ काही भरायचं नाही.

"बाबूजी, आगाऊ पैसे कोणालेच देऊ नये," ओमेश्वर म्हणाला. "मी स्वतः दुकानदार आहो, म्हणून सांगून राहिलो."

"अन् नभयानचं विमान दुपारी पोहोचते," दुर्गेश्वरी म्हणाली. "मंग मुक्काम करा लागते. रुचिले नव्या जागी झोप येत नाही."

लक्ष्मीचंद आयुष्यभर धानाचं बियाणं निवडत आले होते. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन लोंब्या हातावर चोळून पाहिल्याशिवाय त्यांनी नवं बियाणं कधी आणलं नव्हतं. पण या कागदांत हातावर चोळण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चष्मा काढून बायकोकडं पाहिलं.

राजकुमारी भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्या पोरीनं आपल्या रुचिले उचलून नेलं, तिच्याच कंपनीचं घ्या. त्यात एवढा विचार कायचा?"

तेच ठरलं. लक्ष्मीचंदांना बरंच वाटलं. आपल्या जिल्ह्याच्या पोरीची कंपनी; तिथं पैसे भरले तर तिच्या नावावर काही चांगलं लागेल, असंही त्यांच्या मनात होतं.

पुढच्या खेपेला खिडकीवर जाऊन त्यांनी मोठ्या खुशीत सांगितलं, "रीना, तुमचं साथीचं कार्ड घेऊन राहिलो आम्ही. पूर्ण वर्षाचं."

रीनाचे हात थांबले. तिनं मागं वळून पाहिलं, आणि पुढं झुकून हलक्या आवाजात म्हणाली, "काकाजी, नका घेऊ."

"आं?"

"आत्ता नका घेऊ. घ्यायचंच असंल तर नभयानचं घ्या. महिन्याच्या महिन्याले तिकीट काढत जा."

"काऊन पण?"

"काऊन ते इचारू नका."

लक्ष्मीचंद बघतच राहिले. हलवायानं आपल्याच दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकाला परत पाठवावं, तसं झालं होतं. आधी त्यांना नवल वाटलं, मग कुठंतरी लागलं. आपल्याजवळ एवढे पैसे नसतील असं हिला वाटलं काय? की धोतरातला माणूस कार्ड घेऊन काय करणार, असं? रीनानं बोर्डिंग पास हातात दिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाजूच्या टेबलाशी टायवाला मॅनेजर उभा होता. 'सारस साथी'चा मोठा फलक तिथंच होता, पंख पसरलेल्या सारसाच्या जोडीचा. त्यांच्या स्वतःच्या बांधीत दरवर्षी सारस उतरत. लक्ष्मीचंद सरळ तिकडं गेले. फॉर्म भरता भरता, मनातलं टोचणं हसण्यावारी नेण्यासाठी म्हणा किंवा सवयीनं म्हणा, ते बोलून गेले, "आम्ही तर घेऊनच राहिलो साहेब, पण तुमचीच पोरगी मले सांगून राहिली, दुसऱ्या कंपनीत जा म्हणून! गजब आहे तुमची कंपनी!"

मॅनेजर हसला. लक्ष्मीचंदही हसले. दुर्गेश्वरी खाली बसून रुचिच्या बुटाचा पट्टा लावत होती.

पंधरा दिवसांत कार्ड टपालानं घरी आलं. नारिंगी, चकचकीत, वर इंग्रजीत त्यांचं नाव. त्यांनी ते राजकुमारीला दाखवलं, ओमेश्वरला दाखवलं, टॅक्सीवाल्या मुन्नालाललाही दाखवलं.

पुढच्या महिन्यात रीना खिडकीवर दिसली नाही. सुट्टीवर असेल, असं तिथला मुलगा म्हणाला. त्याच्या पुढच्या महिन्यातही ती नव्हती. रुचि "ईना, ईना" करत खिडकीशी घुटमळली. लक्ष्मीचंदांना वाटलं, लग्नबिग्न ठरलं असेल.

दसरा झाल्यावर, लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलं असताना, ते पुन्हा निघाले. मुन्नालालची गाडी विमानतळाच्या आवारात शिरली तेव्हाच काहीतरी वेगळं दिसत होतं. दारासमोर माणसांचा घोळका होता. नारिंगी साड्या, नारिंगी टाय, दंडांवर काळ्या फिती. कोणी घोषणा देत होतं, कोणी नुसतंच कठड्यावर बसून रडत होतं. आत सारसच्या खिडक्यांवरचे दिवे बंद होते आणि काचेवर एक कागद चिकटवलेला. दुर्गेश्वरीनं वाचला. कंपनीची सगळी उड्डाणं पुढील सूचनेपर्यंत रद्द.

"पुढील म्हणजे कधी?" लक्ष्मीचंदांनी विचारलं.

"कधीच नाही, बाबा," शेजारचा एक प्रवासी म्हणाला. "डुबली कंपनी. टीव्हीवर नाही पाहिलं का सकाळी?"

लक्ष्मीचंदांनी खिशातून कार्ड काढलं आणि त्या बंद खिडकीसमोर धरून उभे राहिले. आत कोणी नाही हे दिसत असून उभे राहिले. एवढा मोठा व्यवहार, एवढी विमानं, एवढी माणसं, आणि हे एका रात्रीत, नुसता कागद चिकटवून बंद करता येतं? गावातला पानठेलासुद्धा उठायचा तर मालक चार लोकांना सांगून उठतो. गोंगाटानं घाबरून रुचिनं कानामागचं मशीन ओढून काढलं आणि आईच्या पदरात तोंड घातलं.

भानावर आली ती दुर्गेश्वरी. सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, मी नभयानचं पाहून येते. तुम्ही रुचिले धरा."

ती गेली तेव्हा काळी फीत बांधलेली एक मुलगी जवळ आली. तिनं रुचिला ओळखलं होतं. "ही रीनाची रुचि ना?" म्हणाली.

"हो हो," लक्ष्मीचंदांना आधार वाटला. "रीना कुठं आहे? दिसत नाही."

"रीनाला कधीचं काढलं, काका. तीन महिने होतील. आम्हाला तर तेव्हाच पगार मिळत नव्हते, पण आम्ही बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद होती. ती एका पॅसेंजरला बोलली. त्यानं मॅनेजरला जाऊन सांगितलं."

लक्ष्मीचंदांनी रुचिचा हात घट्ट धरला. "कोण... कोणता पॅसेंजर?"

"गोंदियाचा कोणी म्हातारा होता म्हणे."

ती मुलगी पुन्हा घोळक्यात मिसळली. लक्ष्मीचंदांच्या कानांत घोषणा यायच्या बंद झाल्या. ओठ हलताना दिसत होते, हात वर जाताना दिसत होते, आवाज मात्र नव्हता. रुचिला इतकी वर्षं जग असंच दिसत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं. मान वळवली तर मागं दुर्गेश्वरी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

ती एवढंच म्हणाली, "दोनच सीटा मिळाल्या, मामाजी. मी अन् रुचि जातो. तुम्ही घरी जा."

ती एकटीनं मुंबईला कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली, तिथं रात्रभर राहिली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन परत आली. पण ते नंतरचं. लक्ष्मीचंद मात्र मुन्नालालच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गोंदियाला परतले. भंडाऱ्याला मुन्नालालनं चहासाठी गाडी थांबवली तरी ते उतरले नाहीत.

घरी राजकुमारीनं पाण्याचा गिलास पुढं केला. तो हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. पैशाचं तिनं उभ्यानंच ऐकून घेतलं. रीनाचं ऐकून मात्र ती खालीच बसली.

"अन् तुम्ही हसून सांगतलं?" ती म्हणाली. "हसून?"

त्यांनी गिलास तसाच खाली ठेवला.

"उद्या सकाळीच जा. तिच्या घरी जा."

दुसऱ्या दिवशी सालेकसा सोडून दरेकशाकडं निघाल्यावर डोंगर जवळ आले, सागाची झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकली. रेल्वे फाटकावरच्या माणसानं सलाम्यांचं घर सांगितलं. मातीचं, निळ्या चुन्याचं, पुढं शेणानं सारवलेलं मोठं अंगण. अंगणात रीनाची आई दुर्पता धान वाळत घालत होती. पाहुणा पाहून तिनं खाट टाकली, तांब्या भरून पाणी आणलं.

"कोणते तुम्ही?"

"गोंदियाहून आलो. रीनाची ओळख आहे. विमानतळावरची."

दुर्पताचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "नोकरी गेली ना पोरीची. तिचा बाप, योगराज, जंगल खात्याच्या कामावर लाकडं उचलून उचलून गेला, पण तिले शिकवलं. पूर्ण गावात विमानात काम करणारी एकच पोरगी होती आमची. कोण्या म्हाताऱ्यानं चुगली केली. तिनं त्याचं भलं पाहिलं, अन् त्यानं तिचं असं केलं." ती धानात पाय फिरवत राहिली. "त्याच्या जिभेले किडे पडोत."

लक्ष्मीचंदांच्या तोंडात पाण्याचा घोट होता. तो गिळताही येईना, थुंकताही येईना.

तेवढ्यात रीना आली. डोक्याला फडकं, हातात विळा, पोटरीपर्यंत चिखल. ती अंगणाच्या कडेलाच थांबली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"आई, चहा ठेव," ती म्हणाली. आई आत गेल्यावर ती खाटेसमोर उकिडवी बसली. "रुचि कशी आहे?"

"रीना, माझ्यामुळं—"

"हो. तुमच्यामुळंच."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या काकाजी. गाडीत बसल्यापासून ते त्याच शब्दांची वाट पाहत होते, हे त्यांना आत्ता कळलं.

"तुम्ही तक्रार नाही केली, मले माहीत आहे," ती म्हणाली. "मॅनेजरनं सांगतलं, बुढा हसून राहिला होता म्हणे. पण मी तुमच्या कानात सांगतलं होतं, काकाजी. ते तुम्ही त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं."

"मले वाटलं..." ते अडखळले. "मले वाटलं, तू आम्हाले हलकं समजून राहिली."

रीना हे ऐकून खरोखरच चकित झाली. "हलकं? मी?" तिनं विळा बाजूला ठेवला. "लोक आम्हा आदिवासींले समजतात हलकं. मी तुम्हाले कायले समजू?"

लक्ष्मीचंद म्हणाले, माझ्या साळ्याची राइस मिल आहे, तिथं ऑफिसात जागा करून देतो.

"पोती मोजायले नाही शिकली मी," ती म्हणाली. "करायचंच असंल तर एक काम करा. रायपूरच्या विमानतळावर एका कंपनीत माझी मुलाखत झाली. पहिली नोकरी काऊन गेली, ते इचारून राहिले. माझ्यावर त्यांचा भरोसा बसत नाही. तुम्ही सांगा त्यांना. जे झालं ते सांगा."

"आत्ता लाव फोन."

"इथं रेंज नाही. फाटकापर्यंत जा लागते."

दुर्पता चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते उठून उभे राहिले. न सांगता निघता आलं असतं. रीनानं डोळ्यांनी 'राहू द्या' केलंसुद्धा.

"बाई," ते म्हणाले, "तो म्हातारा मीच."

दुर्पतानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, चहा खाटेवर ठेवला आणि मागल्या दारानं शेतात निघून गेली. चहाला हात लावायची लक्ष्मीचंदांची हिंमत झाली नाही.

फाटकाजवळच्या टेकाडावर उभं राहून त्यांनी फोन केला. पलीकडं रायपूरचा अधिकारी हिंदीत बोलत होता. लक्ष्मीचंदांनी आपल्या गोंदियाच्या हिंदीत सगळं सांगितलं. कार्ड, फलक, रीनाचं बोलणं, आपलं हसणं. काही झाकलं नाही. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मतलब लड़की ने सच में कंपनी की बात बाहर बताई थी," तो म्हणाला.

"हां, मगर मेरे भले के लिए—"

"फिर तो कंपनी ने ठीक ही किया, बाबूजी. कल को हमारी बात भी बाहर बोलेगी."

लक्ष्मीचंद चरकले. आपण खरं सांगून पोरीचं उरलंसुरलंही घालवलं की काय? मग ते टेकाडावरून ओरडलेच, "बोलेगी! डूबती होगी तो जरूर बोलेगी! क्यों, तुम्हारी भी डूब रही है क्या?"

फोन कट झाला. लक्ष्मीचंदांनी घाबरून रीनाकडं पाहिलं. ती तोंडावर हात धरून उभी होती. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"गेली नोकरी," ती म्हणाली. "काकाजी, तुम्ही पुन्हा घालवली."

ती नोकरी गेलीच. पण संक्रांतीनंतर रायपूरलाच दुसऱ्या एका कंपनीत तिला खिडकीवरचं काम मिळालं. तिथं कोणी मागचं फारसं विचारलं नाही. माणसं हवी होती, त्यांनी घेतली. ते तिनं फोन करून सांगितलं दुर्गेश्वरीला. लक्ष्मीचंद बाजूलाच बसले होते, त्यांनी फोन मागितला नाही. सारसचे पैसे काही परत आले नाहीत. नभयानच्या खिडकीवरच्या मुलानं कार्डाचं विचारलं तेव्हा लक्ष्मीचंद सुनेला म्हणाले, तू ठरव. तिनं कागद उलटसुलट वाचला, आगाऊ काही भरायचं नाही याची दोनदा खात्री केली, आणि रुचिच्या नावानं कार्ड घेतलं. मुक्कामाला आता ती एकटीच जाते. रुचिला नव्या जागेची सवय झाली आहे.

माघ पौर्णिमेला राजकुमारीनं कचारगडचं काढलं. तिथं आदिवासींची मोठी जत्रा भरते, रीनाची आई नक्की येणार. सगळे गेले. तिथल्या गुहेच्या डोंगराच्या पायथ्याशी, झाडाखाली, गावच्या बायांसोबत दुर्पता चुलीशी बसलेली सापडली. राजकुमारी सरळ तिच्याजवळ जाऊन बसली. काय बोलल्या दोघी, लक्ष्मीचंदांना ऐकू आलं नाही. ते दहा हात लांब उभे होते. ढोल जोरात वाजायला लागले तशी रुचिनं दोन्ही कान दाबले.

"पोरीले आवाज सोसत नाही का?" दुर्पतानं विचारलं.

"आता नाही सोसत," दुर्गेश्वरी हसून म्हणाली. "आधी आयकूच येत नव्हतं."

दुर्पता बराच वेळ रुचिच्या कानामागं पाहत राहिली. मग तिनं पोरीला मांडीवर ओढलं, आणि पानांच्या पत्रावळी मांडता मांडता मान वर केली.

"तुम्ही उभे काऊन?" ती लक्ष्मीचंदांना म्हणाली. "बसा. जेवून जा. पण माह्या मनातून गेलं नाही अजून, सांगून ठेवते."

लक्ष्मीचंद बसले. भात गरम होता. त्यांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.